कोंबडीचं खरं काम एकवीस दिवसांनंतर

गावरान कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसली, की आमच्या घरात दोन तट पडतात. आमच्या ह्यांचं म्हणणं, पंधरा-सोळा अंडी घातली आणि बसली, आता तीन महिने ही काही अंडं देत नाही, तेव्हा खुडूक मोडा आणि लवकर परत अंड्यावर आणा. आत्यांचं म्हणणं, नीट बसणारी कोंबडी नशिबानं मिळते, तिला उठवू नये. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. भोरकडच्या बऱ्याच घरांत सासूला आत्याच म्हणतात. हिशोब दोघांचाही बरोबर आहे. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठच्या आसपासच अंडी देते, कारण वर्षातला बराचसा काळ तिचा बसण्यात आणि पिल्लं सांभाळण्यात जातो. पण एका रवणातली, म्हणजे कोंबडीखाली एका वेळी उबवायला घातलेल्या अंड्यांतली, सहा-सात पिल्लं जगून मोठी झाली, तर आखाडात त्यांचे जे पैसे होतात ते तेवढ्या अंड्यांचे कधीच होत नाहीत.

मी आता आत्यांच्या बाजूची आहे. त्याला कारण झालं धाकट्या दिराचं मशीन.

भाऊजींनी पन्नास अंड्यांचं उबवणी मशीन मागवलं होतं. मशीन वाईट नव्हतं, हे आधीच सांगते. अंडी आपोआप फिरवायचं, साडेसदतीस अंशावर तापमान धरून ठेवायचं, पाण्याचं भांडं भरलं की आतला ओलावाही राहायचा. लाईट टिकली त्या खेपेला पिल्लं भरपूर निघाली. हाल सुरू झाले ते नंतर. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात बल्ब लावून पिल्लं ठेवली. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३३-३४ अंशांची ऊब लागते आणि पुढं दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यायची असते. आता हे पौषातल्या थंडीत, लाईटच्या लपंडावात कोण सांभाळणार? लाईट गेली की सगळी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढायची आणि सकाळी खालची चेंगरून मेलेली असायची. मोठा बल्ब लावला की चोची उघड्या टाकून धापा टाकायची. जी जगली त्यांना अंगणात सोडलं, तर वर घार फिरत असताना ती मोकळ्यात दाणे टिपत उभी. लपा म्हणून सांगणारं कुणी नव्हतंच त्यांना.

मशीन एकवीस दिवसांचं काम करतं, आणि कधीकधी कोंबडीपेक्षा चांगलं करतं. त्यानंतरचे दोन महिने ते काही करत नाही. कोंबडीकडून घ्यायचं काम ते आहे.

तर मागच्या मार्गशीर्षात आमची कबरी खुडूक झाली. ती संध्याकाळी माळ्यावर चढेना, खुराड्यातल्या अंडी घालायच्या पाटीतच बसून राहू लागली. जवळ गेलं की पिसं फुलवून दुप्पट व्हायची, हात घातला की चोच मारायची, आणि घशातून तो खुडूक-खुडूक आवाज चालूच. आत्यांनी तिला उलटी करून पोट दाखवलं. पोटाची पिसं गळून कातडी उघडी पडलेली, आणि हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. अंडी थेट त्या उघड्या कातडीला टेकतात, म्हणून ऊब नीट लागते. असं पोट दिसलं की कोंबडी मनापासून बसली म्हणायचं. नुसता आवाज करणारी पण दुपारी फिरायला निघून जाणारी कोंबडी दोन दिवसांत खुडूक सोडून देते आणि तुमची अंडी फुकट जातात. म्हणून आम्ही आधी तिच्याखाली दोन-तीन जुनी अंडी ठेवून दोन रात्री बघतो. कबरी हलली नाही.

ह्यांना अजून खुडूक मोडायचीच होती. गावात त्याचे एकेक प्रकार आहेत: पाण्यात बुचकळून काढायची, पायाला दोरी लावून उजेडात बांधायची, नाकपुडीतून पीस आरपार घालायचं. तो पिसाचा प्रकार मला बघवत नाही, आणि आमच्या दारात मी तो करू देत नाही. खुडूक मोडायचीच असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात, खालून वारं लागेल असं उंचावर चार दिवस ठेवावं. पोट गार झालं की ती आपसूक उठते.

अंडी जमवायचं काम खुडूक होण्याआधीच सुरू करावं लागतं. कोंबडा फिरत असलेल्या कळपातलीच अंडी चालतात, आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो. अंडं आठवड्यापेक्षा जुनं नको. फार मोठं नको, फार गोल नको, कवचावर खरखरीत गाठी नकोत. मळकं असलं तर कोरड्या फडक्यानं पुसायचं, धुवायचं मात्र नाही. कवचावर जे नैसर्गिक आवरण असतं ते पाण्यानं जातं आणि बाहेरची घाण आत शिरायला वाट मिळते. थंडीत अंडी साठवणं सोपं. वैशाखात तेच अंडं घरातल्या उकाड्यानंच अर्धवट धरतं आणि वाया जातं, त्यामुळं उन्हाळ्यात आम्ही रवण टाळतो. पावसाळ्यातही टाळतो, कारण भोरच्या पावसात ओली झालेली पिल्लं वाचत नाहीत.

या खेपेला नणंदेनं कडकनाथची अंडी दिली होती. झाबुआकडची ही काळी जात, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्या भागातही बऱ्याच जणांनी हौसेनं पाळली. पण कडकनाथची कोंबडी बसायला आळशी. वनराज, गिरिराज या सुधारित जातींचंही तेच, निवडत आणताना त्यांच्यातली बसायची सवयच निघून गेलेली असते. म्हणून त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली घालायची. नणंदेनं ती डब्यात भाताच्या तुसात पुरून एसटीनं पाठवली. एसटीच्या धक्क्यांनी अंड्यातली हवेची पिशवी हलते, तेव्हा आणल्या आणल्या बसवायची नाहीत. निमुळती बाजू खाली करून एक रात्र तशीच ठेवली.

जागा स्वयंपाकघराच्या मागची, पेंढा ठेवतो तिथल्या अंधाऱ्या कोपऱ्यातली. रुंद पाटी घेतली, तळाशी मातीचा थर, त्यावर चाळलेली राख, वर चुरगाळून मऊ केलेला पेंढा आणि कडेनं निर्गुडीचा पाला. राख आणि निर्गुडी उवा-पिसवांसाठी. हे किडे कोंबडीला चावून हैराण करतात, आणि ते जास्त झाले की चांगली बसलेली कोंबडीसुद्धा अंडी टाकून उठते. आत्यांनी त्यात एक गंजका खिळा, एक कोळसा आणि एक लाल मिरची ठेवली. वीज कडाडली तरी अंडी नासू नयेत म्हणून. पौषात वीज कुठून कडाडणार, पण मी काही बोलले नाही. अंडी अकरा, आत्यांना आकडा विषमच लागतो. सहा आमची, पाच कडकनाथची. आकड्याचं मला फार नाही, पण दहा-बाराच्या वर अंडी आमच्या कोंबडीच्या पंखाखाली मावत नाहीत, कडेची गार पडतात आणि ती फिरवता फिरवता सगळीच आळीपाळीनं गार होतात, हे खरं.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारली. हे फार कामाचं. कोंबडी जरा उठली की दुसऱ्या कोंबड्या तिच्याच पाटीत अंडं घालून जातात. फुली नसलेलं अंडं रोज काढून घ्यायचं, नाहीतर कुठलं कधीचं ते कळत नाही. कबरीला रात्री उचलून आणलं, अंड्यांवर ठेवलं आणि वरून डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, झाकलं. रात्री हलवलेली कोंबडी नव्या जागेची फारशी तक्रार करत नाही. दिवसा हलवली तर जुन्या जागेकडं पळते.

मधल्या दिवसांत सांगण्यासारखं फार नाही. दिवसातून एकदा, सकाळी, डालगं उघडायचं. ती स्वतःहून उठली तर उत्तम. नाही उठली तर उचलायची, पण आधी पंख जरा वर करून बघायचं, काखेत अंडं अडकलेलं असतं आणि ते वरून पडून फुटतं. उठली की आधी एकच मोठी, भयंकर वासाची विष्ठा टाकते, मग घटाघट पाणी, मग ज्वारी आणि मका. या काळात अख्खं धान्य बरं, पोट बिघडत नाही. मग उकिरड्याशेजारच्या राखेत दोन मिनिटं लोळण आणि पंधरा-वीस मिनिटांत परत पाटीत. बसताना आधी चोचीनं एकेक अंडं आत ओढते, मग पिसं फुलवते आणि उजवी-डावी हलत हळूहळू खाली बसते. दिवसभरात कितीदा तरी ती अंडी फिरवते, मधली कडेला आणि कडेची मधे आणते. या दिवसांत तिचा तुरा फिका पडतो, वजन उतरतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आठव्या रात्री मोबाईलची बॅटरी लावून अंडी बघितली. अंधारात अंड्याच्या जाड टोकाला उजेड लावला की धरलेल्या अंड्यात मधे काळपट ठिपका आणि त्यातून फुटलेल्या बारीक लाल शिरा दिसतात, आणि नीट बघितलं तर तो ठिपका हलतो. आमच्या अकरांपैकी दोन अंडी आरपार पिवळी दिसली, गार अंडी, म्हणजे न धरलेली. ती काढून टाकली. गार अंडं आत ठेवलं तर सडतं, आणि फुटलं तर बाकीच्यांवर ती घाण बसते. कडकनाथच्या अंड्याचं कवच फिकं असल्यानं त्यातलं स्पष्ट दिसत होतं, आमच्या तांबूस अंड्यांना जरा कसरत करावी लागली. शेवटच्या दिवसांत आत्या अंडी कोमट पाण्यात सोडून बघतात, जिवंत पिल्लू असलं तर अंडं पाण्यात डुलतं. मला ते पटत नाही. शेवटचे तीन दिवस अंड्याला हात लावू नये, या मतावर मी ठाम आहे आणि या खेपेला आत्यांनी ऐकलं.

विसाव्या दिवशी संध्याकाळी पाटीजवळ कान नेला तर कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येत होती. कबरी तिला उत्तर देत होती, आधी कधी न ऐकलेल्या हलक्या, घशातल्या आवाजात. पिल्लू बाहेर येण्याआधीच आईचा आवाज ओळखायला शिकतं ते असं. सकाळी तीन अंड्यांना टोचा पडलेला. एक अंडं माझ्या बाजूला होतं, ते मी बघत बसले. पिल्लाच्या वरच्या चोचीच्या टोकावर पांढरा, टोकदार, मिठाच्या खड्याएवढा दाणा असतो. त्या दाण्यानं ते आतून कवच घासून फोडतं आणि स्वतः आतल्या आत फिरत जाड टोकाच्या बाजूनं कडेकडेनं चिरत जातं. मधे बराच वेळ काहीच हालचाल नव्हती. याच वेळी माणसाचा हात शिवशिवतो. पण आतल्या पापुद्र्यात अजून रक्त वाहत असतं आणि उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. घाईनं कवच सोललं तर रक्त येतं आणि पिल्लू दगावतं. थोड्या वेळानं त्यानं मान सरळ करून ढकललं, टोपण उघडलं आणि ओलं, वाकडंतिकडं पिल्लू पाटीत पडलं. पांढरा दाणा एक-दोन दिवसांत आपोआप गळून जातो.

आठ निघाली. एक आतच गेलं होतं. पहिली पिल्लं वाळून तुरुतुरु बाहेर डोकवायला लागली की कोंबडीला उठायची घाई होते आणि मागं राहिलेली अंडी गार पडतात. म्हणून आत्यांनी पहिली चार पिल्लं चुलीजवळ फडक्यात गुंडाळून ठेवली आणि सगळी निघाल्यावर रात्री परत तिच्या पंखाखाली सारली. पोटात बलक असल्यानं पहिले दोन दिवस पिल्लाला खायला नसलं तरी चालतं, तेव्हा चाऱ्याची घाई नाही.

चार पिल्लं कडकनाथची, काळपट, पाठीवर पट्टे असलेली. चार आमची, पिवळी-तपकिरी. कबरीला कशाचंच काही नव्हतं.

तिचं खरं काम इथून सुरू झालं. मी कणी टाकली, शेजारी उकडलेलं अंडं कुस्करून ठेवलं, आणि बशीत पाणी, त्यात खडे, म्हणजे पिल्लू बुडायला नको. पिल्लं कणीवरून चालत होती, खात नव्हती. कबरीनं एक कणी उचलली, खाली टाकली, परत उचलली, परत टाकली, आणि तोंडानं भरभर टुक्-टुक्-टुक्. पिल्लं धावली आणि ती कणी टिपली. नंतर तिनं पाण्यात चोच घालून दाखवली. बल्बच्या खोक्यात भाऊजी एकेका पिल्लाची चोच धरून पाण्यात बुडवत बसले होते, ते मला आठवलं. ऊब कधी द्यायची हेही तीच ठरवते. थंडी वाटली की पिल्लं तिच्या पोटाखाली शिरतात, गरम झालं की डोकी बाहेर काढतात. आमच्या घरात कुणी रात्री उठलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून आत्यांनी वाळवी लावली. जुन्या मडक्यात ओलं शेण, पालापाचोळा आणि गोणपाटाचा तुकडा कोंबायचा आणि बांधावर वाळवी दिसते तिथं ते उपडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, मडकं उचलून पिल्लांपुढं झटकायचं. कणीत बहुतेक पिष्टमय भाग, वाढत्या पिल्लाला प्रथिनं हवीत, ती यातून मिळतात. विकतचं स्टार्टर खाद्य मी थोडं मिसळते, पण मडक्यावर जी झुंबड उडते ती त्यावर कधी उडत नाही.

पहिले पंधरा दिवस मोकळं सोडलं नाही. दिवसा मोठ्या डालग्याखाली अंगणात, रात्री घरात. दिवसा घार, भारद्वाज आणि मुंगूस, रात्री ऊदमांजर आणि घूस. डालग्याची जागा रोज बदलायची, नाहीतर खालची जमीन ओली-घाण होते आणि पिल्लांना रक्ताची हगवण लागते. नंतर सोडली तेव्हा कबरीचे दोन वेगवेगळे इशारे मी पहिल्यांदा नीट ऐकले. मांजर दिसलं की मान उंच करून मोठ्यानं कट्-कट्-कटाक, थांबतच नाही, आणि पिल्लं तिच्या मागं गोळा होतात. घार दिसली की मात्र एकच लांब, बारीक कुर्रर्र. त्यावर पिल्लं जिथल्या तिथं, तुरीच्या बुडात नाहीतर गाडीच्या चाकाखाली, पोट टेकून गप्प. तरी एक पिल्लू घारीनं नेलंच. दुसरं एक मुळातच अशक्त होतं, ते थंडीच्या लाटेत गेलं. सहा राहिली.

लसीचं मात्र कोंबडीला काही करता येत नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं. मानमोडी, म्हणजे राणीखेतचा रोग, शिरली तर अख्खं गाव रिकामं होतं, कोंबडी मान पिळवटते, हिरवं हगते आणि संपते. त्यासाठी सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, पुढं दोन महिन्यांच्या आसपास आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. अडचण अशी की लासोटाची सर्वांत लहान कुपीही शंभर पिल्लांची येते, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. सात-आठ पिल्लांसाठी कुपी कोण आणणार, म्हणून परसातली पिल्लं बिनलशीचीच राहतात. आम्ही आळीतल्या चार घरांनी रवणं जवळजवळच्या दिवसांत बसवली आणि एकच कुपी, बर्फाच्या थर्मासमध्ये, चारी घरांत फिरवली. माझ्या मते मडकं, राख, निर्गुडी हे सगळं एका बाजूला आणि हे एकत्र रवण बसवणं एका बाजूला. सगळ्यात जास्त पिल्लं त्यानं वाचली.

शेजारच्या काकूंच्या कोंबडीखालची अंडी मात्र सगळीच गार निघाली, त्यांच्या कोंबड्याचं वय झालं होतं. कोंबडी बसलेलीच होती, मग त्यांनी उबवणी केंद्रातून एका दिवसाची पिल्लं आणली आणि मध्यरात्री अंडी काढून एकेक पिल्लू पंखाखाली सारलं. सकाळी कोंबडी त्यांना घेऊन उकिरड्यावर. हे दोन-अडीच आठवडे बसलेल्या कोंबडीलाच जमतं, आणि पिल्लंही एक-दोन दिवसांचीच हवीत. मोठ्या पिल्लांना कोंबडी टोचून हाकलते.

फाल्गुन संपता संपता कबरीनं आपल्याही पिल्लांना टोचायला सुरुवात केली. दाणा टाकला की टुक्-टुक् बंद, उलट डोक्यावर चोच. रात्री ती माळ्यावर चढली आणि पिल्लं खाली ओरडत राहिली. दोन-तीन रात्रींत त्यांनीही चढायला शिकून घेतलं. थोड्याच दिवसांत तिचा तुरा लाल झाला आणि ती अंड्यावर आली.

आखाडात तीन कोंबडे गेले. त्यांतला एक कडकनाथचा, त्याला दाम जास्त मिळाला. तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, तीन, त्या ठेवल्या. आपल्या दोघींपैकी एक कबरीच्याच अंड्यातली आहे, आणि बसायची सवय रक्तातून येते, म्हणून तिच्यावर माझी नजर आहे. तिसरी कडकनाथची. तिनं गेल्या आठवड्यात पेंढ्याच्या उडवीत एक, गोठ्यात एक आणि भाऊजींच्या बंद मशीनच्या टोपणावर एक अशी अंडी घातली आणि एकाकडंही परत फिरून बघितलं नाही.